कृपया दार उघडा

घरी आलेलं पत्र शेजारच्या गुरुजींकडून वाचून घ्यावं लागायचं. आई-बाबा खाणीवर खडी फोडायचे. कॉलेजची पायरी चढलेली आमच्यातली पहिली मीच.

आज कॉम्प्युटरवर, लिनक्स प्रणालीत, कॉलेजच्या दिवसांतला जुना खेळ उघडला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. गुहेचं वर्णन येतं आणि खाली एक पांढरी रेघ लुकलुकत राहते: आता काय करणार, ते टाइप करा. कॉलेजात मी शाळेत शिकवलेल्या नम्र इंग्रजीत लिहायचे, ‘कृपया ते छोटं दार उघडा.’ उत्तर यायचं, ‘समजलं नाही.’ शेजारी बसलेली माझी रूममेट सुजाता हसायची. “बघ बाई, मशीनलापण तुझं इंग्रजी झेपत नाही!” मला ते पटलं. वर्गात हात वर करणं मी सोडून दिलं.

आज पहिल्यांदाच सूचनांची फाईल वाचली. या खेळाला दोनच शब्दांची आज्ञा कळते. दार उघड. बस्स. माझी वाक्यं बरोबर होती, त्यालाच वाचता येत नव्हती.

सुजाताला फोन लावला. “त्या गुहेच्या खेळाला दोनच शब्द कळतात, हे तुला तेव्हा माहीत होतं?”

“अगं, सगळ्यांनाच होतं! गंमत गं. अजून धरून बसलीस?”

मशीनचा राग येत नाही. ते फक्त समजलं नाही म्हणालं, खोटं बोललं नाही. त्याचा अर्थ सांगणारी मात्र रोज माझ्या डब्यातली भाकरी खायची.

फोन ठेवला आणि खेळायला बसले. संध्याकाळपर्यंत गुहेतला खजिना बाहेर काढला. कुणालाही न विचारता मी खेळ पुरा केला.