बद्रुद्दीननं बदललेली पुली

अमडापूरचा बद्रुद्दीन खामगावच्या एका कापसाच्या जिनात फिटर होता. बाप बैलांना नाल ठोकायचा, त्यामुळे लोखंडाची ओळख घरातलीच. पण जिनात त्याला चिकटवलं ते शेजारच्या गीताबाईनं. दिवाळी झाली की ती गावच्या दहा-बारा बायांबरोबर खामगावला जायची आणि हंगामभर रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या मशीनवर, उभी राहायची. एका वर्षी मशीनला तेल घालणाऱ्या तेलवाल्याची जागा रिकामी झाली, तेव्हा मॅनेजर वामनरावांपुढं जाऊन तिनं सांगितलं, "आमच्या गावचा पोरगा हाय. कामाचा हाय, आन् खोटं बोलत नाई."

तेलवाल्याचा फिटर व्हायला बद्रुद्दीनला सात वर्षं लागली. चाळीस रेचे होते आणि ते सगळे एकाच लांब शाफ्टवर पट्ट्यांनी फिरायचे. कोणत्या रेच्याला कुठं दुखतं ते त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. पगार पंचवीस रुपये. रेचेवाल्या बायांना दिवसाचे चार आणे. त्यांचं काम दिसायला सोपं होतं. फिरत्या रुळापुढं कापूस सारखा पसरत राहायचा. रूळ रुई ओढून घेतो, सरकी खाली पडते. पण हात थांबला आणि रूळ रिकामा फिरला की त्यावर चढवलेलं कातडं घासून जळका वास सुटतो. तो वास आला की मुकादम त्या बाईची अर्धी रोजी कापायचा. गीताबाईच्या रेच्याला तो वास कधी आला नव्हता.

छत्तीस सालच्या हंगामाच्या तोंडावर वामनरावांनी बद्रुद्दीनला ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक नवी पुली ठेवली होती, शाफ्टवरच्या जुन्या पुलीपेक्षा चार बोटं लहान.

"ही बसव," वामनराव म्हणाले. "शाफ्टचा वेग किती वाढेल?"

"दहा फेऱ्यांच्या बारा होतील साहेब."

"शेटजींना तेवढंच पाहिजे. रेचे वाढवायचे नाहीत, बाया वाढवायच्या नाहीत."

बद्रुद्दीन जरा घुटमळला. "मग बायांची रोजी?"

"रोजी दिवसाची असते, फेऱ्यांची नसते. तुझे मात्र या महिन्यापासून तीस. बायांना सांगत बसू नकोस. सांगितलंस की मागायला येतील."

त्यानं रोजीचं एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. जीन बंद होती त्या दिवशी सकाळी त्यानं जुनी पुली उतरवली, नवी चढवली, पट्टा आखूड करून शिवला. काम इतकं साफ झालं की स्वतःवरच खूश होऊन त्यानं शाफ्टवर हात फिरवला. गावी घरी गेल्यावर पगार वाढल्याचं सांगितलं तेव्हा बायकोनं, अख्तरीनं, विचारलं, "एकदम पाच? काऊन?"

"काम आवडलं साहेबाले," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

जीन सुरू झाली तेव्हा आवाज बदललेला होता, जरासा चढा. शेवटच्या रेच्यावरची झुंबरबाई हसून म्हणाली, "इंजन आज खुशीत दिसते वं बाई." आठ दिवसांत हसणं बंद झालं. बाया जेवायच्या सुट्टीत भाकरी मांडीवर ठेवून आधी बोटं मोडत बसायच्या. तरण्या बायांनी कसाबसा जोर धरला. गीताबाईची पन्नाशी उलटली होती. एका दुपारी तिच्या रेच्यातून जळका वास आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मुकादमानं सगळ्यांदेखत तिची रोजी कापली.

सुट्टीत ती बद्रुद्दीनकडं आली. तो तेलाची बुधली भरत होता.

"बदरू, खरं सांग. रेचा जोरानं चालून राह्यला का मीच हळू झाली?"

सांगायचं असतं तर तीच वेळ होती. भोवती कुणी नव्हतं. बद्रुद्दीननं बुधलीचं बूच घट्ट बसवलं, मग आणखी एकदा बसवलं.

"रेचा तोच हाय मावशी," तो म्हणाला. "वय होते ना माणसाचं."

गीताबाईनं मान हलवली. "हाव. तू म्हणतं म्हणजे तसंच असंल. तुले मशीनचं समजते." एवढं बोलून ती परत रेच्यावर गेली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

संक्रांतीच्या आधीच तिला काढलं. मुकादम म्हणाला, म्हातारी झाली. निघताना तिनं बद्रुद्दीनला सांगितलं, "तू बरं केलं बाप्पा आधी सांगितलं. मनाची तयारी झाली."

हंगाम संपल्यावर बद्रुद्दीन गावी आला. गीताबाई ओट्यावर बसली होती, दोन्ही मनगटांवर चिंध्या गुंडाळलेल्या. त्यानं विचारलं, हाताला काय झालं? तिनं चिंधी सोडून दाखवली. मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या डागांची रांग होती, काही डाग अजून ओले होते.

"बिब्ब्याचे चटके घेतले," ती म्हणाली. "लव्हाळा गावचा एक म्हातारा देते. म्हणे शिरा मोकळ्या होतात. पुढच्या दिवाळीले येतो मी पुन्हा. तू वामनरावाले माह्यासाठी शब्द टाकशीन ना?"

 बद्रुद्दीन घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडला. अख्तरीला वाटलं ताप आला. त्यानं तिला सगळं सांगितलं, पुलीचं आणि पाच रुपयांचं.  ती म्हणाली, "त्या पैशाचं लुगडं मी नेसून राह्यली अन् तिच्याच ओट्यावर जाऊन बसते. मले तरी सांगायचं होतं."

चार दिवस तो गीताबाईच्या दारावरून जायचं टाळत होता. पाचव्या दिवशी गेला. उभ्यानंच बोलला, बसायची हिंमत झाली नाही.

"मावशी, तुमचे हात चांगले हायेत. मी पुली बदलली होती. रेचा जोरातच चालत होता."

गीताबाई मनगटं मांडीवर उलटी ठेवून डागांकडं पाहत राहिली.

"तुले माहीत होतं? मी इचारलं तवा?"

"हो."

"काय देलं तुले?"

"महिन्याले पाच रुपये."

"मले सांगितलं असतं तरी मी काय करणार होती? नोकरी जायचीच होती. पण बदरू, मी चटके तरी घेतले नसते." तिचा आवाज चढला नाही. "आता जा. आन् त्या बायाईले सांग. मले सांगून काय उपेग?"

पुढच्या दिवाळीनंतर जीन उघडली तेव्हा बाया फाटकाबाहेर जमल्या होत्या. बद्रुद्दीन आत जायच्या ऐवजी त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. जमिनीकडं पाहून सांगितलं, पण काही लपवलं नाही, स्वतःचे पाच रुपयेही नाहीत. कुणी त्याला शिवी दिली नाही. झुंबरबाईनं तेवढं विचारलं, "गीताबाईले माहीत हाय?" तो हो म्हणाला. तशी ती मातीतच बसली, आणि तिच्याशेजारी बाकीच्या बसल्या.

तीन दिवस जीन बंद राहिली. बायांनी वामनरावांना सांगितलं, जुनी पुली बसवा नाहीतर सहा आणे द्या. पुली बदलली नाही. रोजी पाच आणे झाली. बद्रुद्दीनला त्याच आठवड्यात काढून टाकलं. गीताबाईला परत घ्या असं बायांनी म्हणून पाहिलं, पण ते काही कुणी ऐकलं नाही.

बद्रुद्दीन अमडापूरला परतला आणि मोटेची चाकं, शिवणयंत्रं दुरुस्त करू लागला. गीताबाई पुढं सहा वर्षं जगली. ती त्याच्याशी बोलायची, सणाला अख्तरीकडं पुरणपोळी पाठवायची, पण मशीनचं काही त्याला तिनं पुन्हा विचारलं नाही. एकदा तिच्या घरचं जातं अडलं. बद्रुद्दीन दोन घरं सोडून राहत होता, तरी तिनं साखरखेर्ड्याहून माणूस बोलावला. तो माणूस ठोकाठोक करत होता तोवर बद्रुद्दीन आपल्या दारात बसून ऐकत होता. खुंटा सैल झालाय हे त्याला आवाजावरून कळलं होतं.

रेचेवाल्या बायांनी मात्र गावात त्याचं नाव मोठं केलं. बायांच्या एका आण्यासाठी नोकरीवर पाणी सोडणारा फिटर, असं त्या सांगायच्या. बाजारात कुणी हे सांगायला लागलं की बद्रुद्दीन हत्यारं गोळा करून उठायचा. सांगणाऱ्याला वाटायचं, माणूस साधा आहे, कौतुक सोसत नाही. तो का उठतो ते ठाऊक असलेली अख्तरी तेवढी खाली बघायची.