कोथिंबीर होईपर्यंत

सासूबाई गेल्या त्या वर्षी सासरे आमच्याकडे चेन्नईला आले, ते पंधरा दिवसांसाठी. हे त्यांनी रिक्षातून बॅग उतरवायच्या आतच जाहीर केलं. मी त्यांच्यासाठी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून ठेवला होता. "कशाला? मी काय राहायला आलोय?" म्हणून त्यांनी कपडे बॅगेतच ठेवले. धुतलेला सदराही वाळला की घडी होऊन परत बॅगेत जायचा. मग मी त्या कप्प्यात माझ्या साड्या रचल्या. आमच्या घरात मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीने आम्हाला तिरुवल्लिकेणीत आणून टाकलं होतं. अरुंद गल्ली, जुनं घर, वरचा मजला आमचा आणि त्यावर उघडी गच्ची. दारावर येणारी भाजीवाली भाजीबरोबर मूठभर कोथिंबीर आणि कढीपत्ता न मागता टोपलीत टाकायची. इथली ती रीतच आहे. सासऱ्यांना ती काही पटली नाही. "फुकट कशाला देते? कालचं उरलेलं असणार," असं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्राफ पेपर मागवला.

नोकरीभर त्यांनी कालव्यांचे नकाशे काढले होते. आता गच्चीचा निघाला. ऊन कुठून, समुद्राचा खारा वारा कुठून, उतार कुठल्या बाजूला, सगळं त्यात आलं. कोथिंबीर, पुदिना, ओवा, गवती चहा अशी लाभक्षेत्रं पडली. नकाशात नव्हतं ते फक्त पाणी. त्या वर्षी सगळं शहर प्लास्टिकच्या घागरी घेऊन टँकरमागे धावत होतं, आणि आम्ही पुदिन्याला दोन वेळचं पाणी मंजूर करून बसलो होतो. मी तांदूळ धुवायला घेतले की सासरे मागे येऊन उभे राहत. "तिसरं पाणी ओतू नकोस, ते पुदिन्याचं आहे." माझ्या स्वयंपाकाकडे त्यांनी इतकं लक्ष त्याआधी कधी दिलं नव्हतं.

पंधरा दिवस संपले तेव्हा कोथिंबीर नुकती उगवली होती. "आता उगवलीच आहे, तर होईपर्यंत थांबतो," ते म्हणाले. नवऱ्याने तिकीट रद्द केलं. चेन्नईच्या उन्हात कोथिंबीर वीतभर व्हायच्या आत फुलावर गेली. मग धने होईपर्यंत थांबणं आलं. धने झाल्यावर ते पेरून बघायला नकोत का? तेवढ्यात पुदिना फुटला, आणि फुटलेल्या पुदिन्याला टाकून जाणं त्यांच्या जिवावर आलं. माझी एक बरी सुती साडी सावलीसाठी गच्चीवर ताणली गेली. रिझर्वेशनच्या खिडकीवरचा माणूस नवऱ्याला चेहऱ्याने ओळखायला लागला. भाजीवाली अधूनमधून विचारायची, "सार, ऊरुक्कु पोगलैया?" म्हणजे, गावाला गेला नाहीत का? सासरे गच्चीकडे बोट करून सांगत, "कोथमल्ली." कोथिंबिरीचं हे नाव, एवढंच तमिळ त्यांना येत होतं. ती हसायची आणि आमच्या टोपलीत आणखी मूठभर कोथिंबीर टाकायची.

मी वैतागले होते. राहायचं तर राहावं, जायचं तर जावं, पण माणसाने असं कुंडीच्या आड लपू नये. माझ्या सासरी मात्र 'जेवून जा' म्हणायची पद्धत आहे, 'राहा' म्हणायची नाही. बाप 'राहू का' विचारणार नाही, मुलगा 'राहा' म्हणणार नाही, आणि मी म्हणावं तर 'हिला काय पडलंय मध्ये' असं व्हायचं. सोलापूरकडच्या गावात त्यांचं घर कुलूप लावून पडलं होतं. तिथे हा माणूस सकाळी एकट्याचा चहा उकळून एकटाच पिणार, हे मनात आलं की मला फार वाईट वाटायचं. मग तांदळाचं तिसरं पाणी मी निमूट बाजूला काढून ठेवायचे.

दिवाळीनंतर वादळ आलं. वर्षभर आम्ही वाटीवाटीने जमवलेलं पाणी एका झटक्यात गच्चीवर घोट्यापर्यंत साचलं. कुंड्या आडव्या झाल्या, माती जिन्यावरून थेट घरमालकाच्या दारात गेली, गवती चहासुद्धा कुजला. पाऊस उघडल्यावर सासरे वर जाऊन आले आणि त्यांनी हात धुतले. "आता माझं इथे काही काम उरलं नाही. तिकीट काढ," ते नवऱ्याला म्हणाले. एरवी वेटिंग लिस्ट दाखवणारी गाडी, या वेळी मात्र बर्थ लगेच मिळाला. बॅग भरायचा तर प्रश्नच नव्हता.

आदल्या दिवशी जेवताना बापलेक बोलले ते एवढंच, बरोबर चटणी द्यायची की लोणचं. मला दोघांच्याही पाठीत धपाटा घालावासा वाटला. जायच्या दिवशी सकाळी नवरा न सांगता बाहेर गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत कढीपत्त्याचं रोप घेऊन आला. केबलची वायर बघण्यापलीकडे हा माणूस कधी गच्चीवर चढलेला नाही. त्याने रोप वडिलांपुढे ठेवलं.

"बाबा, हे कुठे लावायचं, तेवढं सांगून जा."

सासऱ्यांनी रोप फिरवून पाहिलं. पिशवीच्या बुडाशी मुळं चाचपली. "याला मोठी कुंडी लागेल. आणि पहिली दोन-तीन वर्षं पानं ओरबाडायची नाहीत, खुरटतं. रोज लक्ष द्यावं लागतं. तुमच्याच्याने नाही व्हायचं."

"नाहीच व्हायचं," नवरा म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला.

गाडी संध्याकाळची होती. सासरे बराच वेळ पिशवीतल्या मातीत बोट खुपसून बसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तो खालचा कप्पा आहे का गं अजून रिकामा?"

कप्प्यात माझ्या साड्या ठासून भरलेल्या होत्या.

"आहे की," मी म्हटलं.