हरलेल्यानं आधी बोलायचं

चौगुले मॅडमच्या वर्गात जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याला जास्त मार्क मिळायचे. अमेरिकन स्टडीजच्या वर्गात त्या दर सत्राला खोटी निवडणूक घ्यायच्या. प्रचार, पोस्टर, मतपेटी, सगळं साग्रसंगीत. पण खरे मार्क निकालानंतर हरलेला उमेदवार उठून जिंकणाऱ्याचं अभिनंदन कसं करतो, त्या भाषणाला. "जिंकल्यावर कुणीबी बोलतंय," त्या मला स्टाफरूममध्ये सांगायच्या. "हरल्यावर बोलून दाखव म्हणावं. आमच्याकडं चीत झालेला पैलवानसुद्धा उठून हात मिळवतो की."

बहरीनमध्ये आमचं कॉलेज म्हणजे युरोपातल्या एका विद्यापीठाची शाखा. मी तिथे अकाउंटिंग शिकवते. विद्यापीठ युरोपचं, विषय अमेरिका, पोरं बहरीनी, मल्याळी नि फिलिपिनो, आणि शिकवणारी बाई कोल्हापूरची! या सर्कशीचं मला पहिल्या दिवशी फार हसू आलं होतं. मॅडम स्वतः अमेरिकेला कधीच गेल्या नव्हत्या. मी खवचटपणे तसं विचारलं, तर म्हणाल्या, "चंद्रावर न जाता लोक पंचांग सांगतात, ते चालतंय व्हय तुला?" इंग्रजी त्यांचं इस्त्री केलेलं. मराठीत आल्या की मात्र पीएच.डी. दाराबाहेर चपलांजवळ ठेवायच्या आणि कोल्हापूरकडच्या बायकांसारखं खुशाल 'मी आलो, मी गेलो' म्हणायच्या.

एकदा या निवडणुकीत युसुफ नावाचा मुलगा पडला. चांगला बोलका पोरगा, पण निकाल ऐकल्यावर "खलास, मॅडम" म्हणून मान खाली घालून बसला. मॅडमनी त्याला उठवलं. "खलास कसलं? तुझं काम तर आत्ता सुरू झालं." तो अडखळत बोलला. ज्या मुलीनं त्याला हरवलं होतं तिचं नाव घेतानाच त्याचा आवाज फाटला, पण वाक्य त्यानं पुरं केलं. वर्ग टाळ्या वाजवत राहिला आणि मॅडम खिडकीकडे तोंड करून पदरानं चष्मा पुसत बसल्या.

त्यांचे यजमान तुबलीत एका वर्कशॉपमध्ये इंजिनियर होते. ते गेल्यावर कोल्हापूरहून भाऊ न्यायला आला होता, पण मॅडम हलल्या नाहीत. मूलबाळ नव्हतं. जिदहफ्स गावातलं दोन खोल्यांचं घर आणि हा वर्ग, एवढाच त्यांचा संसार. नोकरी होती म्हणून व्हिसा होता, आणि व्हिसा होता म्हणून संसार होता.

आणि मग अमेरिकन स्टडीज बंद करायचं ठरलं, आणि त्याबरोबर मॅडमची नोकरीही. त्याजागी बिझनेस इंग्लिश. ठरवणारे आमचे विभागप्रमुख प्रधान, ठाण्याचे. नवीन आले तेव्हा मॅडमच्या तयार लेक्चरवर त्यांनी पहिलं वर्ष काढलं होतं. परका असता तर इतकं लागलं नसतं. आपल्याच माणसानं पान वाढून घेतलं आणि वाढणारीलाच पंगतीतून उठवलं.

मॅडमच्या निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी प्रधानांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही त्यांच्या जवळच्या आहात, जरा समजावा. डीन येणार आहेत. मॅडमनी दोन गोड शब्द बोलावेत, निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला म्हणावं. बाकी मी बघतो. बिझनेस इंग्लिशचे दोन वर्ग देतो त्यांना. व्हिसा चालू राहील."

संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन मी तो निरोप पोचवला. मॅडम भाजी निवडत होत्या.

"सगळ्यांनी म्हणजे कुणी गं? तुला विचारलं?"

"नाही."

"मला तर कुणी विचारलंच न्हाई. पोरांना?"

मीही एक जुडी ओढून निवडायला घेतली. "बोला हो मॅडम," मी म्हणाले. "दोन वाक्यांनी काय बिघडतं?"

"बघतो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला होता. प्रधानांनी स्वतःच्या निर्णयाचं कौतुक केलं आणि मॅडमना बोलायला बोलावलं. त्या संथपणे उठल्या आणि त्यांच्या त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "हरलेल्यानं आधी बोलायचं, असं मी या मुलांना शिकवलं. पण ज्याची मतं मोजली जातात तोच हरू शकतो. इथं मतदान झालेलंच नाही. त्यामुळे मी हरलेली नाही, मला काढलेलं आहे. काढलेल्या माणसाचं भाषण आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं." आणि बसल्या.

कुणी टाळी वाजवली नाही. मुलं एकमेकांकडे पाहू लागली, डीन घड्याळाकडे. प्रधानांनी हसत हसत केकला सुरी लावली, आणि ज्यांच्याबरोबर मॅडमनी उभी नोकरी केली ते सगळे प्राध्यापक कागदी बशा घेऊन रांगेत उभे राहिले. मला त्या सगळ्यांची शिसारी आली. मॅडमचा मात्र असा अभिमान वाटला, की घरी जाताना गाडीत मी एकटीच रडत होते.

वर्ग अर्थातच मिळाले नाहीत. व्हिसा रद्द झाला. यजमानांना इथेच अग्नी दिला होता. जायच्या आधी मॅडम तिथे जाऊन आल्या, आणि विमानतळावर माझ्याशी फक्त सामानाच्या वजनाबद्दल बोलल्या.

परवा त्यांचा फोन आला. भावाच्या माडीवर राहतात. तिथल्या कॉलेजांनी वय विचारलं आणि विषय संपवला. बरंच इकडचं तिकडचं झाल्यावर एकदम म्हणाल्या, "मंजे, ते दोन शब्द बोलायला पाहिजे होतं गं मी."

मी चिडलेच. "काहीतरीच काय, मॅडम! तुमचंच बरोबर होतं."

"बरोबर होतंच की. न्हाई कोण म्हणतंय?" त्या म्हणाल्या. "पण प्रधान आजबी वर्गावर जातोय, आणि मी घरात बसलोय."