राजाच्या वाटीतलं दूध

"घरात साप आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या हातात माझ्या बायोप्सीचा रिपोर्ट होता. बायोप्सी म्हणजे आतला बारीक तुकडा काढून केलेली तपासणी. मी कॅन्सर हा शब्द ऐकायची तयारी करून गेले होते.

"आहे," मी म्हटलं. "अजगर."

"पेंटास्टोमियासिस," ते म्हणाले. "सापाच्या फुफ्फुसात परजीवी किडे राहतात. त्यांची अंडी सापाच्या लाळेतून, विष्ठेतून बाहेर पडतात. ती पोटात गेली की त्यांच्या अळ्या होतात. तुमच्या लिव्हरमध्ये त्याच आहेत."



माझा नवरा नीलेश सर्पमित्र. मुलुंडला आम्ही डोंगराच्या पायथ्याशी राहतो. कुणाच्याही गटारात साप निघाला की फोन त्यालाच. पकडलेला साप वनखात्याकडे द्यायचा, हे तोच जगाला सांगतो. पण त्या अजगराच्या पिल्लाच्या शेपटीला जखम होती. "बरा झाला की देतो गं," म्हणता म्हणता तो घरचाच झाला. आमच्या मनूने, दुसरीतल्या लेकीने, त्याचं नाव राजा ठेवलं.

मग नागपंचमी आली. सासूबाई मालवणकडच्या. घरात जिवंत देव असताना पाटावर नाग कशाला काढायचा, असं त्यांचं म्हणणं. साप दूध पीत नाही, हे नीलेश शाळाशाळांत सांगत फिरतो. आईपुढे मात्र मिठाची गुळणी. हळदकुंकू झालं, राजाचं तोंड वाटीत टेकवलं आणि तेच दूध आम्हाला प्रसाद म्हणून मिळालं. "थेंबय टाकू नको हां, देवाचा आसा," मनूच्या हातात पेला देत सासूबाईंनी बजावलं.

दिवाळीनंतर माझ्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. मी ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहिले. मग ताप आला. सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झालं आणि लिव्हरवर बारीक गाठी दिसल्या.

डॉक्टर म्हणाले, "खात्रीचं औषध नाही. बऱ्याच अळ्या आपोआप मरतात. त्रास देणारी गाठ दुर्बिणीतून काढू. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही."

मी एवढंच म्हटलं, "माझी मुलगीही ते दूध प्यायलीय."

मनूची सोनोग्राफी स्वच्छ आली. सासूबाईंची आणि नीलेशचीही. पण डॉक्टरांनी सांगितलं, अगदी बारीक अळ्या दिसत नाहीत, लक्ष ठेवा. झालं, माझी झोप उडाली. पोरगी शाळेत जायला नको म्हणून पोट दुखतंय म्हणाली, तरी मी रडायची. माझ्या ऑपरेशनला जातानाही मला माझी नाही, तिचीच धास्ती होती.

ऑपरेशन नीट झालं. नीलेशने स्वतः राजाला वनखात्याकडे नेऊन दिलं. तिथल्या पशुवैद्यांना त्याच्या विष्ठेतही तीच अंडी सापडली. दिसायला राजा अगदी धडधाकट होता. म्हणून सांगते, रानातून आणलेला साप, घोरपड, कासव, काहीही घरात ठेवू नका. नकळत हात लागलाच तर साबणाने धुवा. आणि पोट दुखलं तर डॉक्टरांना त्या प्राण्याबद्दल आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं.

घरी आले त्या दिवशी मनू माझ्या उशाशी येऊन उभी राहिली. चेहरा रडवेला.

"आई, आजीला सांगू नकोस ना."

"काय गं?"

"मी ते दूध प्यायलेच नाही. साय होती. तुळशीत ओतलं."

माझ्या टाक्यांना कळ लागली, इतकी मी हसले, आणि मग हुंदके आवरेनात. दूध टाकलं म्हणून या पोरीला मी रोज ओरडायचे. त्या दिवशी तिला पोटाशी धरलं आणि म्हटलं, "बरं केलंस गं बाई."