आईच्या गालावरचा पांढरा डाग

आईच्या उजव्या गालावर, कानाच्या जरा पुढं, एक काळा उंचवटा होता. आधी मसुराएवढा होता, वाढत वाढत चिंचोक्याएवढा झाला. वाटूरजवळच्या शेतात तिचा जन्म उन्हात गेलेला, त्यामुळं आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. पण पदर घासून एकदा त्यातून रक्त आलं, तेव्हा मी तिला जालन्याला माझ्याकडं बोलावून घेतलं आणि त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरबाईंनी भिंगातून नीट पाहिलं. "घाबरायचं कारण नाही. वयानुसार येतात असे. त्रास होतोय तर गोठवून काढू. पण तिथली कातडी काही महिने पांढरी दिसेल. क्वचित तशीच राहते."

"मला कुठं लग्नाला उभं राह्यचंय? करून टाका जल्दी," आई म्हणाली.

थर्मासासारख्या डब्याच्या नळीतून पांढरी वाफ फुसफुसत डागावर पडली. आईनं माझा हात गच्च धरला. "गार म्हन्ता, अन् हे तर चटके देऊन राह्यलंय!"

फोड आला, खपली धरली, गळून पडली. खाली खरंच पांढरा डाग उरला. तो घेऊन ती गावी गेली.

गावात कुजबुज सुरू झाली, म्हातारीला कोड फुटलं म्हणून. त्यातच माझ्या भाचीला बघायला वडीगोद्रीचे पाहुणे येणार होते. वहिनीचा फोन आला. "वन्सं, आत्याबाईंना त्या दिवशी आतच बसा म्हणावं का? पोरीचा प्रश्न आहे." तिची भीती मला कळत होती, तरी राग आला. शेवटी डाग झाकायला चेहऱ्याच्या रंगाची क्रीम घेऊन मी गावी गेले. आईनं डबी उघडून वास घेतला आणि परत दिली.

पाहुणे आले तेव्हा ती बैठकीत मुलाच्या आईशेजारीच जाऊन बसली. बाईंची नजर गालावर गेली, तसं तिनंच विषय काढला.

"काळा डाग होता, डॉक्टरीणबाईनं गोठवून काढला. कोड न्हाई. अन् असतं, तरी त्यात लपवायसारखं काय हाय?"

वहिनीनं पोह्यांचा ट्रे पुढं ठेवला. बाईंनी पदर बाजूला करून मान पुढं केली. "मला बी हितं हाय बघा तसाच काळा. लई खाजतो. दुखतं का हो?"

मग दोघी पोहे निवेपर्यंत त्यावरच बोलत राहिल्या.

सोयरीक जमली नाही. मुलाला लग्न लगेच हवं होतं, भाचीला नर्सिंग पूर्ण करायचं होतं. बाई मात्र पुढच्याच महिन्यात जालन्याला आल्या. मीच त्यांना दवाखान्यात नेलं. नळीची वाफ मानेवर पडली, तसे त्यांनी डोळे मिटले आणि त्या पुटपुटल्या, "तुमच्या आईनं बराबर सांगितलं होतं, चटकाच बसतो."