सोनीबाईची वागूर

वनखात्यात मी चर खोदले, वणवा अडवायला जाळरेषा काढल्या, रोपं लावली आणि वनमजूर म्हणूनच निवृत्त झालो. आता अवसरीला घरच्या कांद्याला पाणी देतो. काम करणारी माणसं पुष्कळ पाहिली, कामाचं सोंग करणारी त्याहून जास्त पाहिली. तळेघरच्या वरच्या वाडीतल्या सोनीबाईसारखं माणूस मात्र दुसरं पाहिलं नाही. म्हणून तिच्याबद्दल लिहितो.

ती आमच्या टोळीत चर खोदायला यायची. मुरमाड तुकडा वाटणीला आला की बाकीचे मुकादमाशी वाद घालायचे. सोनीबाई डोक्यावरची फडकी नीट आवळायची आणि कुदळ उचलायची. तिच्या चराची कड पावसाळा गेल्यावरही जागेवर असायची. एकदा मुकादमाने तिला मुद्दाम मऊ मातीचा तुकडा दिला. ती म्हणाली, "मी काय आजारी हाय का?" आणि आपली जुनीच जागा धरली.

नवरा लवकर गेला. भाताची खाचरं, उतारावरची नाचणी आणि उन्हाळ्यात रानातला हिरडा तोडून विकायचा, एवढ्यावर तिने दोन मुली वाढवल्या.

तिचा बाप बहिरू त्या भागातला नावाजलेला शिकारी. बंदूक नव्हती, वागूर होती. वागूर म्हणजे शिकारीचं लांब जाळं. बहिरूने घायपाताचा वाख काढून, दोरी वळून ते स्वतः विणलं होतं. बेचक्यांवर, म्हणजे टोकाला फाटा असलेल्या हलक्या काठ्यांवर, ते आडवं उभं करायचं, समोरून माणसांनी हाका द्यायचा, जनावर येऊन धडकलं की जाळं त्याच्यावर पडायचं. मुलगा नव्हता, म्हणून बेचक्या वाहायला सोनीबाई. कायद्याने शिकार बंद झाली तेव्हा बहिरूने वागूर माळ्यावर टाकली. तो गेल्यावर सोनीबाईने ती खाली काढली आणि भाताचा पेंढा वाहायला वापरू लागली. उंदरांनी जाळ्याचं एखादं घर तोडलेलं दिसलं की त्याच दिवशी सांधायची.

गेल्या एप्रिलात गोरखचा फोन आला. गोरख वनरक्षक, आमच्याच टोळीत वाढलेला पोरगा, आता जुन्नरच्या पश्चिमेकडे उंबरमाळच्या रानावर नेमलेला. म्हणाला, "नाना, एक भेकर गळ्यात तारेचा फास घेऊन फिरतंय. रानडुकरासाठी कुणीतरी लावलेला असणार. तार मांसात उतरलीय."

भुलीचं औषध बंदुकीने मारायची सोय होती. पण डॉक्टर हर्षाली म्हणून जनावरांच्या तरुण डॉक्टर आहेत, त्यांनीच नको म्हटलं. कारवी दाट, नेम धरायला उघडी जागा नाही. भूल चढेपर्यंत भेकर धावेल, तार कुठेतरी अडकेल आणि गळाच कापेल. त्यात दोन दिवसांनी तिथलं रान हिरड्याला उघडणार होतं. उंबरमाळचा रिवाज असा की गाव ठरवील त्या दिवसाआधी हिरड्याला कुणी हात लावायचा नाही, आणि त्या सकाळी सगळं गाव एकदम रानात शिरणार. जखमी भेकर त्या गडबडीत कड्यावरून जाईल अशी गोरखला भीती होती.

मी तळेघरला गेलो. सोनीबाई अंगण सारवत होती. सगळं ऐकून घेतलं. कळवळली वगैरे नाही, चिडली.

"बाची वागूर माणूस बसल्याबिगर लागत नव्हती," ती म्हणाली. "वारा बघायचा, उन्हात बसायचं, आन् हातात येईल त्याचं बघायचं. ही तार लावून माणूस घरी जाऊन जेवतो. ह्याला काय शिकार म्हनत्यात?"

तिच्या वाडीचाही हिरडा त्याच दिवशी सुरू होणार होता. पहिल्या दिवशीची तोड सगळ्यात चांगली असते. तिने ती धाकट्या मुलीवर सोपवली आणि वागूर गुंडाळली. मी एक टोक घ्यायला गेलो तर म्हणाली, "चांगदेवभाऊ, तुमी बेचक्या घ्या." वाखाचं जाळं अंगावर घेतल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. घोडेगावपर्यंत एसटी, पुढे गोरखची गाडी. गाडीतही तिने ते मांडीवरच ठेवलं.

उंबरमाळ तिने कधी पाहिलं नव्हतं. तिचं रान कोकणकड्याच्या तोंडावरचं. इथे डोंगर उलटा, ओहोळ आतल्या अंगाला वाहणारे. पोचल्या पोचल्या ती पाणवठ्याकडे गेली. झऱ्याकाठच्या धुळीत भेकराचे खूर होते, आणि खुरांच्या बाजूने एक बारीक रेघ. फासाची खुंटी तारेला लटकून जमिनीवर घासत होती, तिची ती रेघ. त्या रेघेमागून ती कारवीच्या तोंडापर्यंत गेली आणि मागे फिरली. आज आत शिरून त्याला पळवण्यात अर्थ नाही, म्हणाली. पाणी इथे आहे तोवर ते लांब जाणार नाही.

गावात हिरड्याचा दिवस कुशाबाईच्या शब्दावर ठरतो. सत्तरीची बाई, शेळ्या राखते, आवाज करडा. रात्री मुक्काम तिच्याच ओट्यावर. तिने वागूर हाताने चाचपून पाहिली आणि म्हणाली, "तळेघरचे लोक आमचा हिरडा चोरायला यायचे असं ऐकून व्हते. आता भेकर न्यायला आलीस व्हय?"

"तुमचा हिरडा किडका," सोनीबाई म्हणाली. "आमच्याकडं शेळ्या बी खात न्हाईत."

कुशाबाई हसली आणि तिला भाकर वाढली.

सोनीबाईने गावाकडे एकच गोष्ट मागितली. दिवस पुढे ढकलू नका, उद्या सगळे रानात या, पण हिरडा तोडायच्या आधी माझ्यासाठी एका ओळीत चाला. ओरडायचं नाही, डबे वाजवायचे नाहीत. चालायचं आणि मधून मधून खोकायचं. जुन्या हाक्यात आरडाओरडा असायचा, कारण जनावर जगलं काय आणि मेलं काय, सारखंच होतं. हे जगायला हवं. डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, भेकर फार भित्रं, धरल्यावर दमून आणि भिऊन हातातच मरतं. बहिरूने शेकड्यांनी धरली असतील, एकही जिवंत सोडलं नव्हतं. त्यामुळे जिवंत कसं ठेवायचं हे सोनीबाईलाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

तरी ती सगळ्या ओट्यासमोर म्हणाली, "जितं सोडीन."

"आन् मेलं तर?" कुशाबाईने विचारलं.

"तर ही वागूर तुमच्या चुलीत घालून मोकळी जाईन."

बापाची उरलेली ती एकच वस्तू होती.

सकाळी गाव रिकामी पोती खांद्यावर टाकून रानाच्या कडेला उभं राहिलं. सोनीबाईने वागूर वरच्या खिंडीत लावली. दबलेलं भेकर चढणीला लागतं, ही बापाची शिकवण. बेचक्या मी रोवल्या, तिने त्यातल्या अर्ध्या उपटून पुन्हा सैल रोवल्या. घट्ट रोवली तर जाळं पडत नाही. मग आम्ही दगडाआड बसलो, डॉक्टर मागे लांब. खालून ओळ निघाली. खोकण्याचे आवाज हळूहळू वर येऊ लागले.

भेकर भुंकलं. कुत्र्यासारखं, पण जाड. आमच्यापासून लांब नव्हतं. मग कारवी हलली, आणि त्याचं तांबूस अंग आणि वीतभर शिंगं मला दिसली. तिथेच ते थांबलं, नाक वर केलं आणि वळून सरळ माणसांच्या ओळीवर गेलं. एका म्हाताऱ्याला जुनी सवय आवरली नाही. तो ओरडला, "ग्येलं, ग्येलं!" भेकर ओळ फोडून खाली उतरलं.

सोनीबाईने चिमूटभर धूळ हातातून सोडली. धूळ खिंडीतून खाली, भेकर होतं त्या बाजूला गेली. तिच्या रानात सकाळी वारा कड्यावरून वर चढतो. इथे खिंडीतून खाली उतरत होता. आमचा वास आम्हीच भेकराकडे पाठवला होता.

म्हाताऱ्यावर दोघेतिघे बोलू लागले. तिने त्यांना थांबवलं. "त्यांच्यावर नका घालू. माझ्या रानाची अक्कल मी तुमच्या रानात चालवली."

ऊन चढलं होतं. लोकांची पोती रिकामी होती आणि शेजारच्या डोंगरावर दुसऱ्या वाडीची तोड सुरू झालेली ऐकू येत होती. चारदोन माणसं आपापल्या झाडांकडे वळू लागली. गोरख त्यांना थांबा म्हणत होता, पण जबरदस्ती कशी करणार, हिरड्यावर हक्क गावाचा. तेवढ्यात कुशाबाईने आपलं पोतं जमिनीवर अंथरलं आणि त्यावर बसली.

"माझं रिकामं हाय तोवर तुमचं बी रिकामं," ती म्हणाली. वळलेली माणसं परत आली.

सोनीबाई तिच्याशेजारी जाऊन बसली. विचारलं, "मावशी, बिबट्या आला का तुमच्या शेळ्या कुठं पळत्यात?"

कुशाबाईला विचार करावा लागला नाही. "वर न्हाई जात. ओहळाच्या खालच्या घळीत घुसत्यात. तिथनं पल्याडच्या कारवीत जायाला वाट हाय."

"वारा?"

"दुपारपातूर घळीतनं बाहेर कायच येत न्हाई. भिंती उंच हाईत."

खिंडीतून घळीपर्यंत उतार वाईट होता, सुटे दगड आणि वाळलेली पानं. सोनीबाईने वागूर गळ्याभोवती आणि खांद्यांवर घेतली आणि पानांवर पाय न टाकता, दगडादगडावरून उतरली. घामाने तिची चोळी पाठीला चिकटली होती. मी मागून बेचक्यांचा भारा घेऊन दोनदा टेकत उतरलो. तिचं वय माझ्याहून फार कमी नाही. खाली पोचल्यावर ती टेकली नाही. घळीच्या तोंडाशी जाळं ताणलं, खालची दोरी दगडांनी दाबली, वरची बेचक्यांवर ठेवली. आणि डॉक्टरांना हातभर अंतरावर बसवलं. मघाशी त्या लांब बसल्या होत्या, तेही चुकलं होतं, म्हणाली.

ओळ पुन्हा निघाली, आता वरून खाली. या वेळी कुशाबाई मधोमध होती. खोकण्याशिवाय आवाज नव्हता. म्हातारा तोंडात फडकं धरून चालत होता, हे नंतर कळलं.

आधी तारेची खुंटी दगडांवर खडखडली. मग भेकर आलं, मान वाकडी, तोंडाला फेस. ते जाळ्यात शिरलं आणि वागूर त्याच्यावर पडली.

मी उठेपर्यंत सोनीबाई त्याच्यावर होती. नराला सुळे असतात, एक तिच्या मनगटात लागला. तिने हात काढला नाही. डोक्यावरची फडकी ओढून त्याच्या डोळ्यांवर टाकली, त्याची मान आपल्या मांडीवर घेतली आणि मागचे पाय माझ्या हातात दिले. "गच धरा, पिळू नका," एवढंच म्हणाली. डोळे झाकले तशी त्याची धडपड कमी झाली. डॉक्टरांनी पक्कड घातली. तार एका दमात तुटली नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर सुटली, ती मांसातून हळूच सोडवली, जखम धुतली, औषध भरलं, सुई टोचली. मी माणसांच्या दवाखान्यात याहून ढिलं काम पाहिलं आहे.

मग जाळं काढलं, पाय सोडले. सोनीबाईने फडकी उचलली आणि मागे सरकली.

भेकर उठलं नाही.

ओळीतली माणसं घळीच्या वरच्या कडेला येऊन उभी होती. खोकणंही थांबलं होतं. डॉक्टर त्याच्या छातीकडे बघत होत्या. सोनीबाई मात्र कुशाबाईकडे बघत होती, आणि तिचा डावा हात वागुरीवर होता. त्या वेळी मला कळलं की बोलली ते ती खरंच करणार. भेकर उठलं नसतं तर तिने त्याच संध्याकाळी वागूर चुलीत घातली असती.

आधी कान हलला. मग पुढचे पाय. भेकर उभं राहिलं, अंग झाडलं, आमच्याकडे एकदा बघितलं आणि घळीतून पलीकडे चालत गेलं. पळालं नाही. कारवीत शिरल्यावर एकदा भुंकलं.

कुशाबाई सावकाश खाली आली. तुटलेली तार उचलून वेटोळं केलं आणि गोरखच्या हातात दिलं. मग सोनीबाईला म्हणाली, "माझी चूल उपाशी ठेवलीस गं."

"ठिवली," सोनीबाई म्हणाली. हसू लपवायचा प्रयत्न केला नाही.

डॉक्टरांनी तिचं मनगट बांधलं. गोरख म्हणाला, मावशी, आता गाडीत बसा. पण कुशाबाईने तिला एका हिरड्याखाली नेलं. ओहोळाकाठचं जुनं, भरलेलं झाड. उंबरमाळच्या रानात बाहेरच्या माणसाला पहिल्या दिवशी झाड मिळालेलं गावात कुणाला आठवत नव्हतं. कुशाबाई एवढंच म्हणाली, "हे आज तुझं. किडका हाय, पन घे."

सोनीबाईने बांधलेल्या हाताने फांदी वाकवली आणि तोडायला लागली. तिच्याजवळ पोतं नव्हतं. तिने वागूर पसरली, वर फडकी अंथरली आणि हिरडा त्यात भरला. गावाची पोती भरेपर्यंत तिचीही तोड चालू होती. मी तोडायला लागलो तेव्हा मी देठासकट तोडलेल्या फळांकडे बघून म्हणाली, "भाऊ, तुमी बसा."

परतताना तिने ओझं स्वतःच्या डोक्यावर गाडीपर्यंत नेलं. गोरखने हात पुढे केला, तिने तो बाजूला केला. घोडेगावच्या अलीकडे बघतो तर वागुरीचं एक टोक मांडीवर घेऊन ती भेकराने फाडलेलं घर सांधत होती.

मी म्हटलं, पुढच्या भेकरासाठी का?

"पेंढा गळतो ना," ती म्हणाली, आणि गाठ दाताने आवळली.