टाळ्या नका वाजवू!

आमची विभावरी माइकसमोर उभी राहिली, हे मला अजूनही खरं वाटत नाही! हिंदी मुलखातल्या आमच्या दीक्षितपुऱ्यात वाढलेली, रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर फायलींत बुडालेली ही बाई. बोलणं निम्मं हिंदी. पण मुलांचं नाटक बसवावं तर तिनेच. दर गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या मंचावर तिची पोरं धमाल उडवतात. मराठी मोडकंतोडकं, पण जीव ओतून.

यंदा वार्षिक सभेत अध्यक्ष अच्युतरावांनी ठराव आणला: शुद्ध मराठी बोलणाऱ्या मुलांनाच मंचावर घ्यायचं. म्हणजे विभावरीचं नाटक बंद!

आमच्या मंडळाची रीतच अशी, की अध्यक्षांनी भाषण करायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, आणि टाळ्या पडल्या की ठराव मंजूर. मत कुणी विचारत नाही. आणि अच्युतराव बोलतात तरी काय! मातृभाषेवर असे बोलले, की मंडळाच्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटता लाटता माझेच डोळे भरून आले. सभेच्या दिवशी आम्ही बायका तिथेच. सभासद आम्हीही आहोत, पण ठराव ऐकायचे ते स्पीकरवर. भाषण संपलं, बाहेर टाळ्या सुरू झाल्या, आणि मीही पिठाचे हात उचलले!

तेवढ्यात विभावरी झारा टाकून तरातरा निघाली ती थेट मंचावर.

"अरे भैया, थांबा! टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. आम्ही स्पीकरवर ऐकत होतो. "भाषण मलाही आवडलं. पण टाळी भाषणाला दिली न तुम्ही? पोरांना काढायला थोडी दिली! घरीदारी ती हिंदीच बोलून राहिली आहेत. मराठी बोलायला एवढा एकच मंच आहे, तो काहून हिसकून घेता? चलो, हात वर करून मत घ्या."

"विभावरीताई, सभेचे काही संकेत असतात," अच्युतराव म्हणाले.

"हो जी. मग सगळ्याच सभासदांना विचारू." आणि तिने माइकवरूनच आम्हाला हाक मारली, "या गं बाहेर सगळ्या!"

गॅस बंद केला आणि निघालो! काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

"हा ठराव कुणाकुणाला नको?" विभावरीने विचारलं.

बापरे, केवढे हात वर गेले! मोजायची गरजच उरली नाही. आणि सगळ्यांच्या आधी जो गेला, मनगटापर्यंत कणकेने माखलेला, तो मैथिलीकाकूंचा होता. अच्युतरावांच्या बायकोचा!